पंधरा मीटरचं नाक

ओसाका, १० ऑक्टोबर १९९३

ती. तोमिए मावशीस,
नाओफुमीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे डोंगर लाल व्हायला लागलेत, तुझे गुडघे बरे असतील, माझी तब्येत उत्तम. पत्राची रीत पाळून झाली. आता भांडतो.

मावशी, तू सख्ख्या भाच्याचं नाक कापायला निघाली आहेस! तेही पंधरा मीटरचं! ताशी तीनशे किलोमीटर धावणाऱ्या आमच्या नव्या गाडीचं नाक मी आखलंय, हे तुला ठाऊक आहे. एवढ्या वेगाने गाडी बोगद्यात घुसली की आतली हवा पुढे रेटली जाते. तो धक्का गाडीच्या आधी पलीकडच्या तोंडाशी पोचतो आणि तोफेसारखा फुटतो. लहानपणी आम्ही बांबूच्या नळीत ओल्या कागदाचा बोळा घालून उडवायचो, तसंच. नाक लांब आणि निमुळतं असलं तर हवेला बाजूला व्हायला सवड मिळते. पण माझं नाक पहिल्या डब्यातल्या कितीतरी जागा आणि एक अख्खं दार खातं, म्हणून विक्री खात्याला ते नऊ मीटरवर छाटायचंय. निकाल २० डिसेंबरच्या बैठकीत लागेल. तीन वर्षं मी या नाकाशिवाय दुसरं काही केलेलं नाही.

बोगद्यांच्या तोंडाशी राहणाऱ्यांना हल्लीच्या गाड्यांचाच किती त्रास होतो, याची पाहणी झाली. सगळ्यात मोठा आवाज तुमच्या कुरिदानीत, असं यंत्र सांगतं. आणि कुरिदानीच्या तक्रारी किती? शून्य. खाली शेरा असा: रहिवासी तोमिए कावाहिरा यांनी चहा व मुळ्याचं लोणचं दिलं, काहीही त्रास नसल्याचं सांगितलं आणि निघताना छत्री दिली.

अगं, ऑगस्टात ओबोनला, पितरांच्या सणाला, मी तुझ्याकडेच होतो ना? घड्याळाकडे बघून तू किटलीचं झाकण आधीच दाबून धरत होतीस. धडाम झालं की देव्हाऱ्यातली घंटा आपोआप वाजत होती. मोठे साहेब म्हणतात, माणसांना त्रासच नाही तर पंधरा मीटर कशाला? मावशी, तक्रार कर. पाया पडतो.

तुझा, अजून तरी अख्ख्या नाकाचा,
नाओफुमी


कुरिदानी, १८ ऑक्टोबर

चि. नाओफुमीस अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रागावले, मग पुन्हा हसले. अरे, ते पाहणीचे ओकुमुरा साहेब भर पावसात आले होते. बूट ओले, खांदे ओले, हातातला कागदसुद्धा ओला. दारात उभ्या असलेल्या अशा माणसाला, तुमच्यामुळे आम्हाला त्रास होतो, असं सांगू? तुझ्या आईने आणि मी एकाच घरात वळण घेतलं. तुला ओसाकाचं वारं लागलं, त्याला मी काय करू?

तरी भाच्याचं नाक ते आपलं नाक. काल बसून कंपनीला तक्रार लिहिली. चांगली कडक लिहिली आहे, तुला लाज वाटेल इतकी. शेजारच्या हात्सुयोबाईंना वाचून दाखवली, तर त्या म्हणाल्या की हे जरा जास्तच होतंय. म्हणून दोन वाक्यं खोडली.

गाड्यांची नाकं आखता आखता चौतिशी आली तुझी. स्वतःचं नाक कुणा मुलीला दाखवायचा काही बेत आहे का? सोबत लोणचं पाठवते आहे.

लोभ आहे, म्हणूनच बोलते.
तोमिए मावशी


ओसाका, २ नोव्हेंबर

ती. मावशीस शि. सा. न.

तुझी कडक तक्रार पोचली. शाखा कार्यालयाने ती चौकटीत बसवून भिंतीवर लावली आहे. वर पाटी आहे: प्रवासी मार्गावरील जनतेचे आभारपत्र.

मी स्वतः जाऊन वाचून आलो. पहिलं पान सगळं शरद ऋतूवर. मग गाड्या किती वेळेवर धावतात याचं कौतुक. मग, आमच्यासारख्या डोंगराळ लोकांच्या कानांना सवय नसल्याने अधूनमधून दचकायला होतं, हा दोष सर्वस्वी आमच्या कानांचा आहे! मावशी, तू तक्रारीत क्षमा मागितली आहेस. चारदा. मी मोजलं. शाखाप्रमुखांचे डोळे पाणावले म्हणे, आणि त्यांनी तुला भिंतीवरची दिनदर्शिका पाठवली आहे. हिशेब आता असा: तक्रारी शून्य, आभार एक.

मी तिथेच खुर्चीत बसून हसत सुटलो, तर लोकांनी मला पाणी आणून दिलं.

तुला शिकवणीच लागणार. ऋतू नको, कौतुक नको, क्षमा तर नकोच नको. काय फुटलं, कोण दचकलं, किती वेळा, एवढंच लिही. आधी माझ्यावर हात साफ कर. माझी तक्रार लिहून पाठव.

तुझा निरुपाय झालेला,
नाओफुमी


कुरिदानी, १० नोव्हेंबर

चि. नाओफुमीस आशीर्वाद.

सराव केला. एक: तू वर्षातून एकदा येतोस आणि आलास की झोपतोस. दोन: गेल्या ओबोनला वाडग्यातल्या भातात जेवणाच्या काड्या उभ्या खोचून मोकळा झालास, तसा भात आपण फक्त मेलेल्यांपुढे मांडतो. तीन: पाठवलेल्या मोज्यांबद्दल अवाक्षर नाही. चार: सात वर्षांचा असताना माझ्या कोंबडीला रंग दिलास. पाच: ती कोंबडी नंतर अंडी देईना. सतराव्या कलमापाशी कागद संपला. बघ, घरच्या माणसावर जीभ कशी सुरीसारखी चालते!

मग कंपनीसाठी कोरा कागद घेतला आणि हात थांबला. का, ते आता सांगतेच.

तो बोगदा तुझ्या काकांनी खणलाय. एकट्यांनी नव्हे, पण कुरिदानीच्या बाजूच्या टोळीत चारही वर्षं होते ते. रोज दगडाच्या पिठात घोळून घरी यायचे. मी विहिरीपाशी उभं करून अंगावर पाणी ओतायची, तेव्हा कुठे नवरा दिसायचा. गाडी सुरू झाली आणि चार वर्षांनी त्या पिठाने भरलेल्या छातीपायी ते गेले. बोगद्यातून गाडीने जायचं त्यांचं राहूनच गेलं. घरात कुणी आलेलं असताना धडाम झालं की माझ्या तोंडून आपोआप, माफ करा हं, निघतं. यांनी चारचौघांत शिंक दिली की निघायचं ना, अगदी तसं. मेलेल्या नवऱ्याची चुगली परक्यांच्या कागदावर कशी करू? तू शहाणा आहेस. आता मला आग्रह करू नकोस.

माया आहे तिथेच आहे.
तोमिए मावशी


ओसाका, १४ नोव्हेंबर

ती. मावशीस नमस्कार.

तुझं पत्र आल्यापासून दोन दिवस नाक बाजूला ठेवलं होतं. काका खणकामावर जायचे एवढंच मला ठाऊक होतं, कुठल्या बोगद्याच्या ते नाही. आईने कधी सांगितलं नाही.

पण मावशी, एक गोष्ट ऐक. मी काकांच्या बोगद्याची मोजमापं रोज बघतो. तीन हजार एकशे ऐंशी मीटर, दोन्हीकडून खणत आलेल्या टोळ्या मधोमध भेटल्या तेव्हा फरक चार बोटांचा. बोगदा चोख आहे. चुकतात त्या गाड्या. तयार केलेल्या घरात बुटांसकट धाडकन घुसणारा पाहुणा असतो ना, तशा आमच्या गाड्या त्यांच्या बोगद्यात शिरतात. नऊ मीटरचं नाक आलं तर आणखी जोरात शिरतील, आणि दर वेळी माफी तू मागशील. तक्रार काकांची करू नकोस. काकांच्या बाजूने कर.

५ डिसेंबरला ओकुमुरा साहेब आणि शाखाप्रमुख तुमच्या पंचायतीच्या सभागृहात येणार आहेत. शेवटची संधी तीच. आग्रह करत नाही. नुसतं कळवलं.

नाओफुमी


कुरिदानी, ६ डिसेंबर

चि. नाओफुमीस अनेक अनेक अनेक आशीर्वाद!

काल काय झालं ते क्रमाने सांगते, नाहीतर माझ्याच्याने सांगणं व्हायचं नाही.

सभागृहात आम्ही चाळीस माणसं गुडघे दुमडून बसलो होतो. पुढे ओकुमुरा साहेब, शेजारी शाखाप्रमुख. काही त्रास आहे का, असं त्यांनी विचारलं. सगळे चटयांकडे बघत बसले. हात्सुयोबाई म्हणाल्या की चालतंय आपलं. तेवढ्यात धडाम! कप नाचले, चहा सांडला, शाखाप्रमुखांच्या हातातली वडी उडून मांडीवर पडली. आणि आम्ही चाळीसच्या चाळीस जण एका सुरात त्यांना म्हणालो, माफ करा.

नाओ, ते ऐकलं आणि मनात आलं, आम्ही का माफी मागतोय? मी उठून उभी राहिले. ऋतूबद्दल बोलले नाही. सांगितलं, माझ्या नवऱ्याने हे बोगद्याचं घर चार बोटांच्या फरकाने चोख बांधलंय आणि तुमच्या गाड्या त्यात दार न ठोठावता घुसतात. अठरा वर्षं मी त्यांच्या वतीने माफी मागते आहे, आता बास. माझा भाचा गाडीला चांगल्या वळणाचं नाक देतोय, त्याला कात्री लावाल तर मी रोज ओसाकाला येऊन तुमच्या दारात धडाम करीन!

मला वाटलं, आता गाव सोडावं लागणार. मग हात्सुयोबाई उठल्या. त्यांची म्हशीएवढी गाय दर धडामला दूध आवरून धरते, हे अठरा वर्षांत त्यांनी मलासुद्धा सांगितलं नव्हतं! म्हातारे एगुसा म्हणाले, पटावरच्या सोंगट्या हलतात आणि ते जिंकत आलेला डाव जातो. (ते कधीच जिंकत नाहीत, पण असू दे.) मग कुणी थांबेना. एकमेकांच्या अंगावरून हात वर करत होते. तक्रारीचे फॉर्म संपले, तशी तुमच्या कंपनीची दिनदर्शिका फाडून तिच्या पाठीवर लिहिलं. मार्चपर्यंतची पानं गेली. एकूण एकसष्ट तक्रारी. बिचाऱ्या ओकुमुरांचं पेन संपलं, मी माझं दिलं. जाताना ते हळूच मला म्हणाले की पाच वर्षं कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून ते डोंगर चढत होते.

घरी येऊन साके घेतली. दोन कप. हात्सुयोबाईंनी पाच.

तुझी भांडकुदळ
मावशी


ओसाका, २० डिसेंबर

मावशी!!

पंधरा! एक सेंटीमीटरही कमी नाही! दार गेलं, जागा गेल्या, नाक राहिलं! मोठ्या साहेबांनी तुमची दिनदर्शिका टेबलावर महिन्यांच्या क्रमाने मांडली आणि विक्री खात्याला मोठ्याने वाचायला लावली. गायीपाशी वाचणाऱ्यांना हसू फुटलं. मी जिन्यात नाचताना सापडलो. नाकाचा पूर्ण मापाचा लाकडी नमुना बांधायला घेतोय, मी त्याच्यावर घसरगुंडी करणार आहे. नमस्कार, नमस्कार, नमस्कार!

नाओ


कुरिदानी, २५ मार्च १९९७

चि. नाओफुमीस व चि. सौ. कां. मिसुझूस अ. उ. आशीर्वाद.

लग्नाची तारीख ठरली, माझे पाय आता जमिनीवर नाहीत. मुलीने तुझं नाक पाहून होकार दिला की गाडीचं, ते लग्नात विचारीन.

तू पाठवलेल्या तिकिटावर काल नव्या गाडीत बसले. हिरोशिमाहून हाकाताला. त्याआधी सकाळी ती आमच्या बोगद्यातून बाहेर पडताना सगळं गाव बांधावर उभं राहून ऐकत होतं. वाऱ्याने पडदा हलावा एवढाच आवाज. हात्सुयोबाईंची गाय रवंथ करत राहिली. एगुसा हरलेच, पण आता कारण उरलं नाही म्हणून चिडलेत.

गाडीत मी खिडकीशी बसले. ठरवून आले होते की आपल्या बोगद्यात शिरल्यावर यांची चारही वर्षं क्रमाने आठवायची. पहिला दिवस, नवा कंदील, पहिली थंडी, विहिरीवरचं पाणी. मी दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत आले नाही तोच डोळ्यांवर ऊन. अडतीस सेकंद म्हणे! शेजारच्या बाईंना कळेना मी रडते का हसते, मलाही कळत नव्हतं.

तेवढ्यात कंडक्टर आला, वाकला, काही गैरसोय तर नाही ना म्हणाला. मी म्हटलं, आहे. तक्रार लिहून घ्या. बोगदा फार लवकर संपला. त्याने वही काढून खरंच लिहून घेतलं.

हाकाताला उतरले ती तशीच परतीच्या गाडीत बसले. आपला डोंगर दिसायला लागला तशी डोळे मिटून घेतले आणि सरळ दुसऱ्या हिवाळ्यापासून सुरुवात केली. या वेळी पुरलं.

दोघांवर सारखीच माया करणारी,
तुमची
तोमिए मावशी