चातीच्या पोलादाची पिन

१४ ऑक्टोबर १९८३

सकाळी शिवडीला. वरळी कोळीवाड्यातल्या हिराबायला होडीसाठी मशीन घ्यायचं होतं. होडी चालवतो तिचा नवरा, धाकलू नाखवा. पण निवड तिचीच, कारण नाखवा तोंड उघडतो ते फक्त जेवायला. आम्हा दोघांना बरोबर नेलं, मला आणि वसंतला. गोडाऊनमध्ये दोन जुनी मशीनं होती. एक तळ्यातल्या होडीचं, कुणा साहेबाच्या गळ टाकायच्या हौशीचं. आयुष्यभर गोड्या पाण्यात, मिठाचा डागसुद्धा नाही, दोरी ओढली की पहिल्या झटक्यात सुरू. दुसरं समुद्रातलं. रंग उडालेला, पंख्याला पोचे. मी पहिलं घ्या म्हटलं. चांगलं समजावून सांगितलं.

वसंतनं खिशातून सुतळी काढली. म्हणे होडीच्या मागच्या फळीचं माप घेऊन आलोय. सुतळी दोन्ही मशीनांना लावून बघितली. "तळ्यातल्या मशीनचा दांडा आखूड आहे, बाय. लाटेवर होडी उचलली की पंखा हवेत फिरेल."

झालं. हिराबायनं पोचेवालं घेतलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मिलमध्ये हा वसंत सहा वर्षं माझ्या हाताखाली होता, साचेखात्यात. कानस कशी धरायची ते मी दाखवलं. यापुढे वहीत नुसतं 'व.' लिहिणार. पूर्ण नावाला घालवायला शाई नाही माझ्याकडे.

१७ ऑक्टो.

सुतळीचं मला का सुचलं नाही? तीन दिवस हेच डोक्यात. मी माप घेतल्याशिवाय मिलमध्ये साधा वॉशर कापला नाही.

२५ ऑक्टो.

मिलचा संप सुरूच. पावणेदोन वर्षं होत आली. आता कोणी विचारतही नाही, कधी मिटणार म्हणून. सुमीची खानावळ चालू आहे, बारा डबे. करी रोडच्या आमच्या चाळीत निम्मे पुरुष बायकोच्या जिवावर जगतात आणि गॅलरीत उभे राहून सरकारला शिव्या घालतात. मी निदान वरळीला जाऊन होड्यांच्या मशीनांत हात काळे करतो.

कोळीवाड्यात दिवसभरात चार हाका आल्या. चारही "वसंता!" मला "परबमिस्त्री". मिस्त्री म्हटलं की मान असतो म्हणतात. मला तो मान नको.

३ नोव्हेंबर

व. ची नवी थेरं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या मशीनला टेकवतो, मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो. मग म्हणतो, "बेअरिंग." सगळे माना डोलावतात. खोललं तर बेअरिंगच. ही युक्तीही माझीच, सूत कातणाऱ्या चात्यांच्या साच्यावर मी त्याला शिकवलेली. फक्त मी डोळे मिटत नसे.

मी मशीनच्या पुस्तकाचं इंग्रजी डिक्शनरी घेऊन लावतोय. नऊ पानं झाली. त्यानं पुस्तक हातातही घेतलेलं नाही.

१२ नोव्हें.

हि.बायच्या मशीनची पिन तुटली. पंख्याची टोपी काढली की आत दांड्यात आडवी बसवलेली असते ती, पितळेची, काडीएवढी. पंखा खडकाला घासला, पिन तुटली, पंखा फिरेना. नाखवा वल्ही मारत आला. व. नं दुसरी घातली.

१६ नोव्हें.

पुन्हा तुटली! या वेळी जाळं अडकलं. नाखव्याला दोन तास वल्हवावं लागलं, ओहोटीच्या उलट. हि.बायनं साऱ्या गल्लीसमोर व. ला झापलं. "कसली रं तुझी पिन? खडूची हाय का? मानूस समिंदरात अडकला तर तू जाशील आनायला?"

व. मान खाली घालून उभा.

मला किती बरं वाटलं ते लिहायची लाज वाटते. पण वहीत लिहायचं नाही तर कुठे? फार बरं वाटलं. घरी येऊन दोन वेळा भात मागून घेतला.

२० नोव्हें.

व. गावी गेला, बहिणीचं लग्न. पंधरा दिवस नाही. जाताना सुमीला सांगून गेला, "वयनी, सोलां आणतंय तुमका." सुमी खूश. मी लग्नाच्या नऊ वर्षांत एवढी खूश केलेली आठवत नाही.

२२ नोव्हें.

तिसरी पिन तुटली. आता हि.बाय माझ्याकडे आली. स्वतः, करी रोडला, दोन जिने चढून. "मिस्त्री, तू कर काय ते. मना रोज रोज जीव मुठीत धरायला नाय जमत."

मी म्हटलं, अशी करून देतो की होडी मोडेल पण पिन मोडणार नाही.

२३ नोव्हें.

आज किती दिवसांनी काम केलं! खरं काम.

पेटीत चातीचा एक तुकडा होता, मिलमधून आणलेला. संपाच्या आदल्या आठवड्यात साच्यातून मोडून पडलेली चाती. खरं पोलाद. सुमीच्या स्टोव्हवर लालभडक केला, राखेत निवू दिला, मग कानशीला लागला. दुपारपर्यंत गॅलरीत बसून घासत होतो. मापाला केसभरही फरक नाही. पुन्हा लाल केला आणि तेलात बुडवला. चर्र झालं आणि तो वास आला, साचेखात्याचा. सुमी म्हणाली, "डबे कधी भरू? स्टोव्ह देताय ना?"

साचेखात्यात ज्याचा पार्ट तुटतो त्याला फिटर म्हणत नाहीत. संध्याकाळी वरळीला जाऊन बसवली.

६ डिसेंबर

दोन आठवडे. एकदा नाही तुटली. नाखवा म्हणतो, पंखा दोनदा घासला, काहीही झालं नाही. नाखवा एवढं बोलला!

हि.बायनं हलवा दिला, भला मोठा मासा. "रमाकांता, घरी ने. बायकोला सांग, कालवण कर." रमाकांता म्हणाली, परबमिस्त्री नाही. चालत घरी आलो, बसची आठवणच झाली नाही.

८ डिसें.

व. परत आला. कोकमाची सोलं आणली. हलव्याचं सुमीनं सांगून टाकलं. त्यानं विचारलं, "दादा, कसली पिन घातलंस?"

"चातीची."

मग हळू आवाजात, "दादा, ती पिन तुटाकच व्हयी. ती तुटली नाय तर गिअर तुटतलो."

मी म्हटलं, "तुझी तीन वेळा तुटली आणि माझी नाही तुटली, म्हणून जळतोस."

सुमीसमोर म्हटलं. त्यानं चहा अर्धा ठेवला आणि गेला. जळतोस. मी, त्याला. आता लिहिताना हसू येतंय, पण ते बरं हसू नाही.

९ डिसें.

पुस्तक उघडलं. पिनचं पान सतरावं. मी नवव्यावर थांबलो होतो. डिक्शनरी घेऊन तासभर बसलो. मुद्दाम मऊ धातूची करतात. अडथळा आला की पहिली ती तुटावी आणि आतले गिअर वाचावेत. कठीण धातूची कधीही घालू नये. 'कधीही' खाली कंपनीनंच रेघ मारली आहे.

व. नं हे पुस्तक वाचलेलं नाही. त्याला कसं कळलं?

उद्या जाऊन बदलतो.

११ डिसें.

गेलो नाही. सुमीला बाजारात मदत केली. (तिनं मागितली नव्हती.)

१४ डिसें.

वरळीला गेलो होतो. हि.बाय शेजारणीला सांगत होती, "ही रमाकांताची पिन. चार वरसं बघायला नको." पेटीत पितळेची पिन होती, मीच कापलेली. पेटी उघडली नाही. काय सांगणार होतो? वसंताचं बरोबर होतं?

पूर्ण नाव लिहिलं. असू दे.

उद्या.

२० डिसें.

व. नं हि.बायच्या मशीनचं तेल बदललं, गिअरचं. तिनंच बोलावलं, मी दादरला होतो. पिनेला हात लावला नाही म्हणे. मीच त्याला बजावलं होतं, माझ्या कामाला हात लावायचा नाही. ऐकलं त्यानं. कशाला ऐकलं?

२३ डिसें.

झालं.

नाखवा पहाटे गेला होता. पाण्याखाली कुणाचा तरी जाड दोर तुटून पडला होता, पंख्याला गुंडाळला. पिन तुटली नाही. मशीन एकदम ओरडलं म्हणतो, डुक्कर कापल्यासारखं, आणि बंद. ओहोटी लागली होती. वल्ह्यांनी जोर लागेना. होडी बाहेर बाहेर जात राहिली. दुपारी तीनला दुसऱ्या होडीनं ओढून आणली. तोवर हि.बाय किनाऱ्यावर उभी होती. बसली नाही, रडली नाही. मी तिच्यापासून दहा हातांवर उभा होतो.

नाखवा सुखरूप. हात सोलवटलेत. होडीतून उतरल्यावर म्हणाला, "चाय दे."

२४ डिसें.

मशीन ड्रमवर टांगून खोललं. सगळी गल्ली जमलेली. व. खोलत होता, मी पाने देत होतो. मिलमध्ये सहा वर्षं तो देत होता, आता उलटं झालं. गिअरच्या दातांचा चुरा. तेलात चांदीसारखा भुगा. दुरुस्त होणार नाही.

हि.बाय व. ला म्हणाली, "तेल तू बदललास. चार दिस नाय झाले. काय केलास?"

व. नं पंख्याची टोपी काढली. पिन बाहेर ओढली. सरळ. चकचकीत. जशी मी घातली तशी. माझ्याकडे बघितलं. मी पान्याकडे बघत होतो.

त्यानं पिन शर्टाच्या खिशात टाकली. म्हणाला, "बाय, चूक माझीच. तेल घालताना नीट बघायला पाहिजे होतं."

ती त्याला काय काय बोलली ते लिहीत नाही. शेवटी, "परत या गल्लीत दिसू नको." तो हात पुसून निघाला. स्क्रू ड्रायव्हर तिथेच विसरला.

मी गप्प. लोकांना वाटलं, मित्रासाठी वाईट वाटतंय.

२५ डिसें.

झोप नाही. लोकांना वाटेल, पश्चात्ताप. तेवढंच असतं तर बरं होतं. खरं काय ते इथे लिहितो. मला त्याचा हेवा वाटतोय. हे त्या सुतळीपेक्षा, कानाला लावलेल्या मुठीपेक्षा, 'वसंता'च्या हाकांपेक्षा जास्त पोटात दुखतंय. एवढं ओझं त्यानं उचललं, आणि खिशात टाकलं सुटं नाणं टाकावं तसं. मला ते जमलं नसतं. यातही पुढे गेला.

४ जानेवारी १९८४

आता हाका मलाच. दिवसभर "रमाकांता, रमाकांता". पाच मशीनं आली. सगळ्यांना पितळेची पिन घालतो. एकानं विचारलं, "तुझी ती पोलादी नाय?" म्हटलं, संपली.

व. शिवडीला गोडाऊनमध्ये माल उचलायला जातो असं सुमी म्हणाली. तिच्याशी बोलतो तो, जिन्यात. मला बघितलं की बाजूला सरकून वाट देतो, पूर्वी खात्यात द्यायचा तशी.

हवं होतं ते सगळं मिळालं. एकही घास गोड लागत नाही.

१३ जाने.

संध्याकाळी घरी आलो तर ताटाशेजारी कागदाची पुडी. सुमी म्हणाली, "वसंतभावजी देऊन गेले."

आत पिन.

"काय म्हणाला?"

"म्हणाले, दादांका सांगा, फेकवना नाय. मिलमध्ये पण असां काम कोणी केलां नसतां."

जेवण तसंच राहिलं. सहा वर्षं आणि हे तीन महिने मला हेच ऐकायचं होतं, त्याच्या तोंडून. आणि ऐकलं ते या पिनेबद्दल. आणि तो खरंच बोलतोय, टोमणा नाही, ते मला माहीत आहे. टोमणा मारला असता तर मी सुटलो असतो.

सुमी समोर बसली. म्हणाली, "काय आहे हे?" सगळं सांगितलं, सुतळीपासून. शेवटी ती एवढंच म्हणाली, "मग मला कशाला सांगताय?"

१४ जाने.

उद्या जातो, असं लिहिलं होतं. मग मागची पानं चाळली. नऊ डिसेंबर, चौदा डिसेंबर. माझ्या 'उद्या'चं काय होतं ते बघितलं. ती ओळ खोडली.

आज जातो.

त्याच दिवशी, दुपार. वरळी.

हि.बायच्या ओट्यावर बसून लिहितोय. ती दादरच्या बाजारातून यायची आहे. नाखवा जाळं विणत बसलाय. काय काम म्हणून विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "ती नवीन मशीन घ्यायचं म्हणते. तुलाच घेऊन जानार हाय शिवडीला."

मी म्हटलं, "वसंताला ने म्हणावं."

नाखव्यानं सुई थांबवली. माझ्याकडे बघितलं. पुन्हा विणायला लागला. त्याला ठाऊक आहे की काय? पिन बाहेर ओढली तेव्हा सगळ्यांत जवळ तोच उभा होता. मग बोलला का नाही? माझीच वाट बघतायत का सगळे?

भिंतीला खिळ्यावर व. चा स्क्रू ड्रायव्हर टांगलेला. फेकला नाही हिनं.

काय म्हणायचं ते मनात चार वेळा जुळवलं. चारही वेळा मी त्यात जरा बरा माणूस निघतो. तसं नको. नुसती पिन तिच्या हातावर ठेवायची आणि म्हणायचं, ही माझी. पुढचं ती बोलेल. गल्लीत दिसू नको म्हणाली तर निघायचं. तेव्हाही मी त्याच्यामागून दुसराच.

गल्लीच्या तोंडाशी तिचा आवाज. कुणाशी तरी भांडतेय, मग हसतेय. डोक्यावर रिकामी पाटी. मला बघून हात हलवला.

"आलास रं रमाकांता? बस, चाय ठेवते."

वही मिटतो. पिन मुठीत आहे, घामानं ओली झाली आहे.