करीमभाईंचं इंजिन आज सुरू झालं

प्रिय अहो,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. लग्नाआधी तुम्ही सदाशिव पेठेत आणि मी नारायण पेठेत. दोन गल्ल्यांसाठी पोस्टाला कोण त्रास देणार? आज लिहिते आहे, कारण करीमभाईंनी तुमच्याकडे रंगवायला दिलेलं जुन्या मोटारसायकलचं इंजिन आज सकाळी सुरू झालं. ही बातमी तुमच्याशिवाय सांगू तरी कोणाला?

तुम्ही गेलात तेव्हा ते आपल्या बिबवेवाडीच्या गॅलरीत सुटं पडलं होतं. इंजिनाची खालची पेटी, ती क्रँककेस, तुम्ही घासून चकचकीत केली होती. सिलिंडरचा जुना रंग खरवडून झाला होता, नवा द्यायचा राहिला होता. मी त्यावर एक चादर टाकली आणि तीन महिने तिकडे फिरकले नाही.

जुनी इंजिनं रंगवायच्या तुमच्या या उद्योगावर माझा राग होताच. रंग पक्का व्हावा म्हणून तुम्ही इंजिनाची झाकणं माझ्या ओव्हनमध्ये भाजलीत, तेही न विचारता. आपल्या मुग्धाच्या सासरच्यांसमोर केकला थिनरचा वास आला. आठ दिवस मी बोलले नाही. तुम्ही निमूटपणे जुना ओव्हन विकत आणलात, सगळं सामान गॅलरीत हलवलंत. पण मी काही विसरले नाही. तुम्ही एखादं झाकण हातात घेऊन यायचात, म्हणायचात, "अगं, बघ तरी." मी कोथिंबीर निवडताना मान न उचलता म्हणायचे, "बघितलं." मान वर करायला असा किती वेळ लागला असता हो?

मागच्या महिन्यात करीमभाईंचा फोन आला. "वहिनी, तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता. पण गाडी माझ्या मोठ्या भावाची आहे, आणि भाईजान अंथरुणाला खिळलेत. एकदा आवाज ऐकायचाय म्हणतात. पार्ट्स घेऊन जाऊ का? रंग नसला तरी चालेल."

ते कसबा पेठेतून रिक्षा करून आले. मी चादर काढली. उघड्या लोखंडावर तांबूस गंज चढला होता. मला ते बघवेना. तुम्ही कोणाचं काम असं कधी परत दिलंत?

"नेऊ नका," मी म्हटलं. "कसं करायचं ते सांगा. मी करते."

त्यांना सगळं माहीत होतं. महिनाभर ते तुमच्याशेजारी स्टूल टाकून बसले होते ना. एका घरात राहून मला यातलं काही ठाऊक नसावं, याची त्या दिवशी फार लाज वाटली.

ते सांगत गेले, मी करत गेले. पॉलिश पेपरने गंज काढला. सिलिंडरला हवा लागावी म्हणून त्या पातळ पट्ट्या असतात ना, त्यांच्या फटी बाटलीच्या ब्रशने रॉकेल लावून धुतल्या. रंगाचा पहिला हात झकास बसला. मग मी घाई केली. तो सुकायच्या आत दुसरा मारला. सगळा रंग सायीसारखा सुरकुतला.

"आता?" मी विचारलं.

"साहेबांचाही दोनदा झाला होता असा," करीमभाई म्हणाले. "ते चहा पीत आणि परत खरवडायला बसत."

तुमचंही बिघडायचं? हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. सांगायला मी जागाच कुठे ठेवली होती म्हणा.

परत खरवडलं. या वेळी पातळ हात दिले, मध्ये दिवस जाऊ दिला, मग भाजलं. त्यात आठवडा गेला. रोज वाटायचं, भाईजान तोवर राहतील ना?

राहिले. आज येरवड्याला त्यांच्या अंगणात, इंजिन जोडून गाडीत बसवणाऱ्या मेकॅनिकने किक मारली. चौथ्या किकला इंजिनाने आवाज धरला. खाट खिडकीशी ओढली होती. भाईजान डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "मला बाहेर न्या." दोघांनी खुर्चीवर बसवून आणलं. इंजिन बंद करून गार झाल्यावर त्यांनी सिलिंडरच्या फटीत बोट घालून पाहिलं.

"आतपर्यंत रंग गेलाय," ते म्हणाले. "काम कोणाचं?"

करीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अर्धं आमच्या यांचं, अर्धं माझं." तुम्ही गेल्यापासून तुमच्याबद्दल चारचौघांत बोलले आणि रडले नाही, असं पहिल्यांदाच झालं.

निघताना मेकॅनिकने विचारलं, "काकू, माझ्याकडे अजून एक सिलिंडर आहे. रंगवून द्याल?"

मुग्धाने मला बंगळूरला कायमचं न्यायचं ठरवलंय. मीही हो म्हणून बसले होते. आज दुपारी तिला फोन करून सांगितलं, दिवाळीला येईन, पंधरा दिवस राहीन, आणि परत येईन. ती म्हणाली, "आई, तू करणार काय तिथे एकटी?" मी म्हटलं, "सोमवारी सिलिंडर येतोय."

घाई करणार नाही, हा शब्द देते. एक हात सुकल्याशिवाय दुसरा देणार नाही.

तुमची,
सुधा