शेजारच्या सीटपुढची दोन पेडलं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौपन्न, धंदा मोटार चालवायला शिकवणे, राहणार आई-वडिलांच्या घराची पुढची खोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवते. मला सगळे क्लचबाई म्हणतात. कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण त्या नावाने हाक मारली तर मी वळूनही बघणार नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव आणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे; खात्री हवी असेल तर दादाला विचारावं.

कारण एवढंच की येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "साधी गोष्ट आहे बाई, घाबरू नका." तीस वर्षं मीही शिकाऊंना चढावर नेऊन हेच सांगत आले आहे, म्हणून लिहून ठेवलेलं बरं.

कलम एक, घर. आई-वडिलांच्या मागे हे घर दादाच्या आणि माझ्या नावावर आहे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. घड्याळं दुरुस्त करतो, आणि घरात भांडण लागलं की डोळ्याला भिंग लावून बसतो. माझा अर्धा हिस्सा त्याला द्यावा. मधल्या दाराला माझ्या बाजूने जी कडी आहे, ती मात्र काढून टाकावी. दादाच्या लग्नानंतर आठवड्याभरात मी ती लावून घेतली. शिलाई मशीनचा आवाज येतो, असं कारण सांगितलं होतं. मशीनचा आवाज मला कधीच त्रास देत नव्हता. त्या दोघांचं हसणं ऐकू यायचं.

कलम दोन. बँकेत जे असेल ते भाचीला, म्हणजे दादाच्या एकुलत्या एका मुलीला द्यावं. त्याचं काय करावं हे मी सांगणार नाही. सांगून ऐकते कुठे ती.

कलम तीन, हत्यारं. जॅक, हवा भरायचा पंप आणि पान्यांचा संच मिस्त्रीला द्यावा. हा मिस्त्री वीस वर्षं माझ्या गाडीखाली आडवा होत आला आणि शेवटी माझ्याशीच गद्दारी करून बसला. ते पुढे येईल. म्हणून संचातला चौदा नंबरचा पाना त्याला देऊ नये. तोच त्याला रोज लागतो.

कलम चार. हे कलम भाचीबद्दल आहे आणि ते लांबणार आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी उठावं.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्याच्या पायासाठी. ती पेडलं वापरायची जीव वाचवायला, एरवी नाही. माझ्या गाडीत आतल्या बाजूला मी स्वतः पाटी लावली आहे, "शिकवणाऱ्याचा पाय जमिनीवर". शिकाऊची गाडी बंद पडू द्यायची. दहा वेळा बंद पडल्याशिवाय क्लच नेमका कुठे धरतो हे पायाला कळत नाही. मी मास्तरांची, डॉक्टरांची, वकिलांची गाडी भर चढावर बंद पडू दिली आहे, मागून लोक हॉर्न मारत असताना. एक वकील रडला होता. मी त्याला पाणी दिलं आणि म्हटलं, "हं, आता परत."

भाचीला अठरावं पूर्ण झालं तेव्हा मी बाकीचे शिकाऊ दुपारनंतर ढकलले आणि सकाळी सहा ते सात तिच्यासाठी राखून ठेवले. चार महिने. बंद कारखान्यामागचं पटांगण, त्याच्या टोकाला पाण्याच्या टाकीचा चढ, आणि आम्ही दोघी. तासभर ती माझी एकटीची होती. तिची आई तेव्हा स्वयंपाकघरात असायची आणि मला त्याचा आनंद व्हायचा. लपवून काय करू?

एकदा चढ चढून गेल्यावर ती हसत म्हणाली, "आतू, माझी गाडी बंद पडतच नाही बघ! रक्तातच आहे आपल्या."

आपल्या! त्या एका शब्दावर मी आठवडाभर हवेत होते.

परीक्षेच्या दिवशी गाडी माझीच होती, चढही तसाच. फक्त शेजारी माझ्याऐवजी परीक्षा घेणारे साहेब बसले होते, आणि त्यांचे पाय जमिनीवर होते. भाचीने क्लच सोडला आणि गाडी गचका खाऊन बंद पडली. परत उचलायला गेली, परत बंद. सात वेळा. मी फाटकाजवळ उभी राहून मोजत होते. साहेब खाली उतरले, माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरगी चांगली आहे हो, क्लचबाई. पण आजवर क्लच कोण दाबत होतं?"

मला तिथेच धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण मला खरंच माहीत नव्हतं. तीस वर्षांत कोणासाठी न हललेला माझा डावा पाय, हिची गाडी कुरकुरली रे कुरकुरली की आपोआप पेडलवर जात होता. हिचं तोंड पडलेलं मला बघवत नव्हतं, म्हणून हिची गाडी मी एकदाही बंद पडू दिली नाही.

घरी येताना मी तिला विचारलं, "मग चार महिने मी केलं तरी काय?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू गाडी चालवलीस, आतू."

कलम पाच. आता वहिनी, म्हणजे दादाची बायको.

वहिनी कपडे शिवतात. बावीस वर्षांपूर्वी पायाने चालवायचं मशीन घेऊन या घरात आल्या आणि अजून त्याच मशीनवर बसतात. मोटारीतलं त्यांना ओ की ठो कळत नाही. परीक्षा झाल्यावर चार दिवसांनी, दुपारी, मी मधल्या दाराची कडी काढायला गेले तर आतून त्यांचा आवाज आला. फटीतून पाहिलं. भाची मशीनवर बसली होती, डोळे मिटून. सुईत दोरा नव्हता, खाली जाडजूड गोधडीची घडी होती. वहिनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून सांगत होत्या, "पाय उचलू नकोस गं, सैल कर. सुई अडते तिथे पायाला खालून कळतं बघ. कळलं? तिथेच थांब. घाई करशील तर चाक उलटं फिरेल. हं, आता सोड."

आणि मग, "आतूला सांगू नकोस हं. त्यांना वाईट वाटेल."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वाईट वाटेल म्हणे! मी कडी परत लावली आणि गाडीत जाऊन पाटी पुसत बसले, जी स्वच्छच होती.

पुढचे पंधरा दिवस मिस्त्रीच्या जुन्या जीपमध्ये भाचीचा सराव चालला. शेजारी मिस्त्री, मागे वहिनी. हीच ती गद्दारी. मिस्त्री म्हणतो, "बाई, तुम्हीच तर शिकवलंत, गाडी बंद पडू द्यायची म्हणून." जीप सव्वीस वेळा बंद पडली असंही त्याने मला मुद्दाम सांगितलं. दुसऱ्या परीक्षेत भाचीने चढावर गाडी अशी उचलली की साहेबांच्या हातातली पेन्सिलसुद्धा हलली नाही. त्यांनी विचारलं, "कोणी शिकवलं?"

"आईने," ती म्हणाली. मी तीन हात अंतरावर उभी होते.

मी जळते. हे मृत्युपत्र आहे, इथे खोटं लिहिलं तर चालत नाही म्हणतात, म्हणून लिहिते. वहिनी आल्या त्या दिवसापासून मी जळते आहे. त्याआधी आई-वडिलांच्या मागे आठ वर्षं घरात आम्ही दोघंच भावंडं होतो, आणि रविवारी दादा माझ्या शेजारी बसून फिरायला यायचा. लग्नानंतर तो मागच्या सीटवर बसायला लागला, त्यांच्या बाजूला. मी पुढे एकटी, भाड्याने आणलेल्या ड्रायव्हरसारखी.

कलम सहा, गाडी. शिकवायची गाडी भाचीला मिळेल असं सगळे धरून चालले आहेत. तिला देऊ नये. माझ्या पश्चात ही गाडी वहिनींना द्यावी. त्यावर दुसऱ्या कोणी हक्क सांगू नये.

त्याचं कारण असं. दादाचं लग्न होऊन सहा महिने झाले असतील. जेवताना तो सहज बोलून गेला, "हिला शिकव गं गाडी. ही शिकली की तुझी सुटका. मग हीच मला नेईल सगळीकडे." मी हो म्हटलं. चार दिवस वहिनींना त्याच पटांगणात नेलं. चारही दिवस त्यांची गाडी बंद पडली. चौथ्या दिवशी चढावर नऊ वेळा, रांगेतले सगळे शिकाऊ बघत असताना. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुमच्याच्याने व्हायचं नाही, वहिनी. तुम्ही आपलं मशीनच चालवा." त्या हसल्या. तेव्हापासून पाहुण्यांसमोर स्वतःचीच थट्टा करतात, "मला नका हो सांगू, मी गाडी बंद पाडणारी बाई." बावीस वर्षं हा विनोद चालला आहे आणि मी प्रत्येक वेळी हसले आहे.

भाचीसाठी माझा पाय क्लचवर होता, तो मला नकळत. वहिनींच्या वेळी तो ब्रेकवर होता, आणि ते मला माहीत होतं. त्या क्लच सोडायला लागल्या की मी शेजारून ब्रेक हलकेच दाबायचे. एवढंसंच, कोणाला कळणार नाही इतकं.

तेव्हा गाडी देण्याआधी मिस्त्रीने शेजारच्या सीटपुढची दोन्ही पेडलं काढून भंगारात टाकावीत. भाचीने शेजारी बसून आईला शिकवावं, पाय जमिनीवर ठेवून. आणि हे कलम भाचीने वहिनींना मोठ्याने वाचून दाखवावं: वहिनी, त्या चार दिवसांत तुमची गाडी तुमच्यामुळे एकदाही बंद पडली नाही.

पुरवणी. वरचा मजकूर रविवारी लिहून झाला, पण सह्या होऊ शकल्या नाहीत. साक्षीला मी मिस्त्रीला आणि परीक्षेच्या साहेबांना बोलावलं होतं. साक्षीदाराने सही होताना बघायची असते, मजकूर वाचायचा नसतो. पण साहेबांना सगळ्यांचे पेपर तपासायची खोड. कलम सहा वाचून त्यांनी पेनाला टोपण लावलं. "हे मेल्यावर सांगायचं?" म्हणाले. "मग तुम्ही नापास. मी सही करणार नाही."

मी त्यांना घराबाहेर काढलं. मग रात्रभर झोप नाही.

सोमवारी सकाळी वहिनी मशीनला तेल घालत होत्या. मधल्या दारात उभी राहून मी सगळं सांगितलं, एका दमात, ब्रेकपर्यंत. त्यांनी तेलाची कुपी खाली ठेवली आणि हात पुसले.

"माहीत आहे, वन्सं," त्या म्हणाल्या. "तुमचा गुडघा हलायचा. मी पायाचं मशीन चालवणारी बाई, शेजारचा पाय हललेला मला कळणार नाही होय? पोरीच्या परीक्षेनंतर तिला म्हणूनच विचारलं, आतूचा गुडघा हलतो का गं म्हणून."

"मग बावीस वर्षं बोलला का नाहीत?"

"तुमच्याकडे तेवढी एक गाडीच राहिली होती. ती तरी कशाला घ्यायची, म्हटलं. राग आला होता, नाही असं नाही. पहिल्या वर्षी तुमचे ब्लाउज मी मुद्दाम घट्ट शिवायचे."

म्हणजे आता ह्यांचा मोठेपणाही मीच सोसायचा! मला इतका संताप आला की मी तिथेच उंबऱ्यावर बसून रडले. ब्लाउजचं ऐकून थोडं बरं वाटलं.

तर कलम सहामध्ये दुरुस्ती. पेडलं मिस्त्रीने काल काढली. म्हणून चौदा नंबरचा पाना त्याला द्यावा. गाडी वहिनींचीच, पण माझ्या पश्चात नाही, आजपासून. शेजारी भाची बसेल असं वर लिहिलं आहे, ते रद्द. मी जिवंत असेपर्यंत शेजारी मीच बसणार. भाचीने मागे बसावं आणि मध्ये बोलू नये. दादाला यायचं असेल तर त्यानेही मागेच बसावं.

आज सकाळी आम्ही पटांगणात आलो. चढावर गाडी तीनदा बंद पडली. तिन्ही वेळा वहिनींनीच पाडली, आणि मी काही केलं नाही. चौथ्यांदा त्यांनी ती उचलली आणि थेट टाकीपर्यंत नेली, जिथे साहेब आणि मिस्त्री सहीसाठी येऊन उभे होते.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो खरा आहे, आणि साहेबांनी तपासला आहे.

सही: क्लचबाई

साक्षीदार पहिला: परीक्षा घेणारे साहेब. (शेरा: पास.)

साक्षीदार दुसरा: मिस्त्री. पाना मिळाला.

स्थळ: पाण्याच्या टाकीजवळ, गाडीत, शेजारची सीट

दिनांक: बुधवार, तारीख अकरा, सकाळी सात