लहान नाकांच्या पाच मुखवट्यांची व्यवस्था

सायकलच्या तारांचे पाच मुखवटे, क्रमांक एक ते पाच; तान्ह्या मुलांना तोलायचा एक काटा; पत्नीच्या चार गाळण्या मोडून केलेली जाळी. एवढे सर्व ज्याने कोणाकडे न शिकता स्वतःच्या हातांनी केले, तो मी, मानसिंगराव मल्हारराव ढमढेरे, वय बावन्न, राहणार खासगी बाजार, लश्कर, ग्वाल्हेर, डोके ठिकाणावर असताना (सौ. मंदाचे मत वेगळे आहे) लिहून ठेवतो की, माझ्या पश्चात:

१. घर, सायकलचे दुकान व बँकेतली शिल्लक सौ. मंदाची. तिने आधी चार गाळण्या घ्याव्यात.

२. मुखवटे व काटा इस्पितळातल्या सिस्टर सुमनताईंना. ऑपरेशनआधी त्या मुखवट्यावर कापड घालून बेशुद्धीचे ईथर थेंब थेंब सोडतात. मोठ्यांचा मुखवटा तान्ह्याच्या डोळ्यांवर येतो, ईथर डोळ्यांत जाते. शिवाय मूल म्हणजे अर्धा माणूस नव्हे. आधी तोलावे, मग थेंब मोजावे. मुखवट्यातून चहा गाळू नये.

३. माप नाकाच्या कण्यापासून हनुवटीच्या खळगीपर्यंत. त्यासाठी मी एकतीस बारशी गाठली, पैकी एकोणीस आमंत्रणाशिवाय. एका पाळण्याजवळ बाळाची आजी शांताताई सर्वांदेखत म्हणाल्या, "अहो भाऊजी, बाळाचं नाव ठेवायचंय, चष्मा नाही बसवायचा!" आठव्या महिन्यात त्याच नातवाचे हर्नियाचे ऑपरेशन झाले. क्रमांक दोन बसला, सूतभरही फट नाही. शुद्धीवर येताच बाळाने असा भोंगा पसरला की, मी व्हरांड्यात टोपी काढून ऐकला. शांताताईंना क्षमा. पेढा मात्र अजून आलेला नाही. तो वसूल करण्याचा हक्क सौ. मंदाला.

४. या महिन्यात राज्ये जोडून नवे राज्य झाल्यापासून इस्पितळाचा भांडारपाल तुकोजी म्हणतो, "मामा, राज एक झालं, आता नाप पण एकच. बाकीचे भंगारात." तुकोजी, राज्ये जोडली म्हणून नाके सारखी होत नाहीत. पाचही मुखवटे एकत्र राहावेत. एक जरी भंगारात गेला, तर माझ्या तेराव्याला तुकोजीचे पान मांडू नये.

साक्षीदार: १. डॉ. भालचंद्र आपटे २. शिवाजीराव पवार
सही: मानसिंगराव ढमढेरे
लश्कर, ग्वाल्हेर, ता. २० नोव्हेंबर १९५६

ता. क. साक्षीदार क्रमांक दोन दवाखान्याच्या सामानाचे व्यापारी आहेत. सही करता करता म्हणाले, "मानसिंगराव, पाचांऐवजी मधला एकच साचा पाचशे एकला द्या. सगळ्यांना चालेल."
मी विचारले, "तुमच्या नातीला?"
त्यांनी सहीची शाई टिपली. मग रक्कम वाढवली. मी नाही म्हटले.
नाकारले ते सातशे एक रुपये.