कॅरेट पालथं करणारी रेघ

मी, अशफाक इमामसाब बागवान, वय त्रेसष्ट, धंदा फळांचा, राहणार माजलगाव, जिल्हा बीड, पूर्ण शुद्धीवर असताना आणि राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. सोमवारी संभाजीनगरला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी मन शांत ठेवायला बजावलं आहे, पण कलम तीन लिहिताना ते जमेल असं वाटत नाही.

१. राहतं घर, दुकान आणि बँकेतली शिल्लक शरियतप्रमाणे माझी पत्नी मुनिरा आणि मुलगा यासीन यांच्याकडे जावी. मुनिराने पंख्याखालची खाट मात्र कोणाला देऊ नये. आयुष्यभर तिने ती मला दिली, आता स्वतः वापरावी.

२. माझ्या अब्बांचा पितळी तराजू यासीनला. विकायचा नाही.

३. एक तृतीयांशापर्यंत मनासारखं देण्याची मला मुभा आहे. त्या हिश्श्यातून दुकानामागची खोली वापरण्याचा हक्क, तिथला संगणक, फिरती खुर्ची, शेअर बाजाराच्या चार्टचं सॉफ्टवेअर आणि त्याला जोडलेलं ॲड-ऑन मी माझी सून, यासीनची बायको शाईस्ता, हिला देतो. यासीनला तिथे ज्यूसचं यंत्र बसवायचं आहे हे मला ठाऊक आहे. बसवू नये.

कारण लिहितो. समोर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान असलेला माझा दोस्त आसाराम आणि मी, वर्षानुवर्षं नुसता निर्देशांकाचा चार्ट बघून शहाणपणा करत आलो. दिवाळीनंतर निर्देशांक चढत होता आणि आमचे शेअर पडत होते. आसाराम म्हणाला, "अशफाकभाई, काहून तोंड पाडलंय? लई तेजी हाय!" चहा घेऊन आलेली शाईस्ता म्हणाली, "अब्बा, नुसता वरचा थर बघून तुम्ही कधी मोसंबीचं कॅरेट घेतलंय का?"

बागवान माल घेताना आधी कॅरेट पालथं करतो, कारण मोठी फळं वर रचलेली असतात. निर्देशांकातही मोजक्या बड्या कंपन्यांचं वजन जास्त. त्या चढल्या की तो चढतो, मग खाली काही का असेना.

ॲड-ऑन शाईस्तानेच शोधलं. रोज बाजारात किती शेअर वर गेले, किती खाली आले, ते आकडे ते आणतं आणि त्यांच्यातला फरक रोज जोडत जाऊन चार्टखाली रेघ काढतं. पण रेघ काही येईना! आकड्यांच्या फोल्डरला मी हौसेने 'मोसंबी' असं मराठीत नाव दिलं होतं, ते सॉफ्टवेअरला वाचता येत नव्हतं. शाईस्ताने हसत ते इंग्रजीत केलं आणि रेघ आली! वर निर्देशांक चढतोय, खाली रेघ घसरतेय! पोरीने अख्खा बाजार माझ्यासमोर पालथा केला. मी असा ओरडलो की मुनिरा धावत आली, तिला वाटलं माझं हृदयच बंद पडलं. आसाराम चष्मा पुसून पुसून बघत होता, "आयला, एवढं आपल्याला कदी दिसलंच न्हाई!" मला अजूनही त्या आनंदाने झोप लागत नाही.

४. आसारामला काही ठेवलेलं नाही. साक्षीदाराला काही देऊ नये, असं वकील म्हणाले. त्याचं तोंड वाकडं झालं आहे. त्याने सुरुवातीला ॲड-ऑनला 'भानामती' म्हटलं होतं, ते मात्र मी माफ करतो.

५. यासीन, "बाईमाणसाला बाजारातलं काय कळतंय," हे तू माझ्यासमोर बोललास. शाईस्ताने ते ऐकलं. मला त्याचा फार राग आला, अजून आहे. तिच्याशेजारी स्टूल घेऊन बस आणि रेघ वाचायला शीक. ती शिकवेल.

६. ॲड-ऑनची नोंदणी मी कालच शाईस्ताच्या नावावर केली. तिने लगेच पासवर्ड बदलला. आज सकाळी चार्ट मलाच उघडेना. विचारलं, तर ओढणीने डोळे पुसत म्हणाली, "अब्बा, सोमवारचं उरकून घरी या. मग सांगते."

तेव्हा मी घरी येणार आहे. तरीही वरचं सगळं कायम समजावं.

ठिकाण: माजलगाव
दिनांक: १८ जानेवारी २०२५

लिहून ठेवणार: अशफाक इमामसाब बागवान (सही)

आमच्यासमोर वाचून सही केली:
१. आसाराम धुळाजी घोडके, दुकानदार (सही)
२. उत्तरेश्वर रामप्रसाद शेटे, शेजारी (सही)