स्टेशनाजवळची खोली

हिंगोली, मंगळवार, १० जून १९४१

माझा शाळेपासूनचा दोस्त दामू पुढच्या आठवड्यात हैदराबादला शिकायला चालला. संध्याकाळी आमच्या दुकानात आला, दोन खोल्यांचे पत्ते घेऊन. एक युनिव्हर्सिटीजवळची, पण अंधारी. दुसरी स्टेशनाजवळची, हवेशीर. कोणती घेऊ म्हणे.

मी मोठ्या माणसासारखा सांगत बसलो. पाणी बघ, खाणावळ बघ. स्टेशनाजवळची मात्र घेऊ नको. हे मी तीनदा तरी म्हणालो असेन.

"काहून? तू तिथंच राहत होतास ना?"

होतो. चार महिने. मग परत आलो आणि सगळ्यांना सांगितलं, तिकडची हवा मानवली नाही. आईलाही तेच सांगितलं. आज कसं काय कोण जाणे, तोंडातून खरं निघून गेलं. त्या खिडकीत रोज संध्याकाळी आपल्याकडे येणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकू यायची. पुस्तक उघडं राहायचं आणि जीव त्या गाडीत बसायचा. एका संध्याकाळी शिट्टीच्या आधी ट्रंक उचलली आणि मीच जाऊन बसलो.

वाटलं, आता हसेल. कशाला बोललो? पण दामू हसला नाही. टोपी हातात फिरवत राहिला.

"मला वाटलं, ह्ये भेव एकट्या मलाच हाय."

पायरी उतरला आणि वळून म्हणाला, "ती अंधारी खोली दोघांपुरती हाय. तिथं शिट्टी येत न्हाई."

तो गेल्यावर मी दुकान बंद केलं.

ट्रंक माळ्यावरून खाली काढली आहे. नुसती पुसायला.