गंधारची हजेरी

मी, उल्का गंधार केतकर, वय त्रेपन्न, धंदा लोकांची टर उडवणारे लेख लिहिणे, राहणार वारजे, लिहून ठेवते की आमच्या सोसायटीची लिफ्ट मंगळवारपासून बंद आहे. दोन्ही साक्षीदार चार मजले चढून आले. त्यांची धाप पाहता कोणाचे मृत्युपत्र आधी उघडेल सांगता येत नाही. माझे डोके मात्र ठिकाणावर आहे, आणि माझ्यावर दबाव आणणाऱ्यांनी तो नाद कधीच सोडला आहे.

१. फ्लॅट मुलीला, वल्लरीला. पुस्तकेही तिलाच. विकावीत, पण वाचल्याचे सोंग करू नये.

२. पैठणी जाऊबाई ऋतिका यांना. बावीस वर्षे "रंग जरा भडकच" म्हणत तिच्यावरून हात फिरवत आहेत.

३. नवऱ्याची, गंधारची, क्रिप्टो नाणी. ती एका साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, कुलपात आहेत. त्या साखळीला देणेघेणे कळते, अटी कळत नाहीत. म्हणून अटींचा करार दुसऱ्याच साखळीवर चालतो. माहेर एकीकडे, संसार दुसरीकडे. अट अशी: गंधारने दरमहा आपल्या गुप्त किल्लीने 'हजर' अशी नोंद करायची. नव्वद दिवस नोंद आली नाही, तर नाणी आपोआप माझी.

गंधार चार वर्षांपूर्वी गेला. अग्नी वल्लरीने दिला. त्याचा संगणक मी स्वतः भंगारात घातला. नोंद येतच राहिली.

वल्लरीचा मित्र आमोद याच कामातला. त्याने एकेक नोंद तपासली.

"काकू, सही काकांच्याच किल्लीची आहे. कुठेतरी प्रोग्रॅम लावून ठेवला असेल त्यांनी."

"कुठे?"

"तेच दिसत नाहीये."

वल्लरीला या पैशांतून स्वतःचे क्लिनिक काढायचे आहे. गेल्या वर्षी मी दारावरची गंधारच्या नावाची पाटी उतरवली, आणि नोंदी थांबल्या. वल्लरी दिवस मोजू लागली. "आई, नव्वद होईपर्यंत त्या पाटीला हात लावू नकोस हं."

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी ती मीच परत लावली. दहा मिनिटांत नोंद आली: हजर. वल्लरीला सांगितले, सोसायटीने सक्ती केली. ते खोटे होते.

४. म्हणून माझ्यामागे वल्लरीने पाटी उतरवून नव्वद दिवस थांबावे. नाणी माझ्या खात्यात येतील. माझे खाते उघडणारे बारा गुप्त शब्द बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. मला माफ केले नाही तरी चालेल. फक्त त्या दिवसांत दाराकडे बघून बोलू नये. मी बोलले होते.

साक्षीदार: शरच्चंद्र बर्वे (सही), यज्ञेश्वर पाठक (सही)
लिहून ठेवणार: उल्का केतकर (सही)
वारजे, पुणे. ३० जानेवारी २०२६

ता. क. दुसऱ्या साखळीवर प्रत्येक नोंदीला थोडे शुल्क पडते. ते गंधारच्या तिथल्या वेगळ्या खात्यातून कापले जाते, आणि ते खाते आता रिकामे झाले आहे. "कोणी भरलं नाही तर हजेरी आपोआप बंद पडेल, काकू," आमोद म्हणाला. "भरू कोणीही शकतं." साक्षीदार जिना उतरत असताना मी वर्षभराचे भरले.